गेममधला क्रूर सेनापती: तुम्हाला कोण आठवतो?

मेहकरकडून: सोयाबीन सोंगून झालं, रात्री जरा वेळ मिळतो. पुतण्यासोबत 'एज ऑफ एम्पायर्स ३'चा २००७ चा 'एशियन डायनॅस्टीज' भाग पुन्हा लावला आणि त्यातला इंग्रज कर्नल एडवर्डसन पुन्हा समोर आला. भारताच्या मोहिमेत आपण नानिब साहिर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले. सुरुवातीला एडवर्डसनचे हुकूम आपणच पाळतो. अकरावीत असताना तालुक्याच्या कॅफेत तासाचे पैसे मोजून मी ते मन लावून पाळले, जिंकल्यावर ओरडलोही. पुढे काडतुसांवरून बंड पेटतं, नानिब उलटतो. तेव्हा पोटात गोळाच आला. इतका वेळ मी याच्या बाजूनं लढत होतो! दुसऱ्या कुठल्याच खलनायकानं मला असं आपल्यात ओढून घेतलं नाही. तुम्हाला असा कोण भेटला? सविस्तर लिहा.

वरूडहून: मले तं खऱ्या इतिहासाचा जास्त राग आला. एडवर्डसन काल्पनिक, पण मेरठचा कर्नल कारमायकल-स्मिथ खरा होता. २४ एप्रिल १८५७ ले त्यानं ९० स्वारांची परेड लावली, ८५ जणांनी काडतुसं घेतली नाईत. बहुतेकांले १० वर्षं सक्तमजुरी. ९ मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्यायच्या पायात बेड्या ठोकल्या, अन् दुसऱ्याच दिवशी मेरठ पेटलं. तो बेड्यांचा दिवस गेममध्ये दाखवाले पायजे होता.

परतवाड्याहून: आमच्या शाळेची सहल गाविलगडावर जायची. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मोहिमेत तो किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना गेला. यावर कुणी गेम काढला तर मी रात्रभर खेळेन.

पुसदहून: माझा खोतुन खान, 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मधला. जपानवरची १२७४ ची मंगोल स्वारी खरी, हा खान रचलेला. हा माणूस आरडाओरडा करत नाही. आधी जपान्यांची भाषा शिकला, रीती शिकला, मग आला. कोमोदाच्या किनाऱ्यावर सरदार आदाची रीतीप्रमाणे पुढे येऊन, नाव सांगून द्वंद्वाला बोलावतो. खान त्याच्या अंगावर हातातली दारू फेकतो, पेटवतो आणि मुंडकं उडवतो. रीत ठाऊक असूनही!

आजी शेजारी वाती वळत बसली होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "तो तं नाव सांगून राहिला होता ना? मंग त्याले जाळलं काऊन, बाप्पा?"

मला काही सांगता आलं नाही. पुढचं मी आजी झोपल्यावर खेळलो.