नव्या कादंबरीवर लिहिले, त्याला काय म्हणावे?

गेली सहा वर्षे मी नव्या मराठी कथा-कादंबऱ्यांविषयी लिहीत आहे. पुस्तक वाचावे, आठवडाभर बाजूला ठेवावे, खुणा केलेली पाने पुन्हा उघडावीत आणि मग हजार-बाराशे शब्द लिहावेत, असा माझा साधा क्रम आहे. अडचण येते ती लिहून झाल्यावर, शीर्षकाखाली एक शब्द घालायचा असतो तेव्हा. ‘परीक्षण’, ‘समीक्षा’, ‘परिचय’, ‘रसग्रहण’, ‘अभिप्राय’ यांपैकी कोणता घालावा? हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण ते समानार्थी आहेत असे मला वाटत नाही. का वाटत नाही, ते एका प्रसंगावरून सांगते.

दोन महिन्यांपूर्वी कुरिअरने एक कादंबरी आली. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘सप्रेम’ आणि खाली सही. आत एक चिठ्ठी, तिच्यावर एकच शब्द, ‘अभिप्रायार्थ’. कादंबरी चांगली होती. सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात टँकरच्या पाण्यावरून पेटलेले भांडण लेखकांनी असे उभे केले होते, की सर्वसाधारण सभेत मागचे इतिवृत्त वाचणाऱ्या सेक्रेटरीचा कोरडा आवाज मला पानातून ऐकू येत होता. शेवटची चाळीस पाने मात्र उरकलेली होती. ज्या बाईच्या मौनावर कादंबरी अडीचशे पाने उभी होती, तिला शेवटी एक लांबलचक पत्र लिहायला लावून लेखकांनी सगळे बोलून टाकले होते. मी या दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि वर ‘परीक्षण’ हा शब्द घातला. लेखकांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. ‘मी अभिप्राय मागितला होता, तुम्ही टीका केलीत,’ असे ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या प्रकाशकांनी माझा मजकूर, शेवटाविषयीचा परिच्छेद गाळून, ‘पुस्तक परिचय’ या नावाने चार ठिकाणी पाठवला. म्हणजे बाराशे शब्दांच्या एकाच लेखाला तीन माणसांनी चार नावे दिली.

माझी समजूत पुढीलप्रमाणे आहे. परिचय करून देणारा माणूस दोन्ही पक्षांचा स्नेही असतो. वधू-वर परिचय मेळाव्यात मुलाची कर्जे कोणी जाहीर करत नाही. ‘रसग्रहण’ म्हटले की दहावीचा कवितेवरचा प्रश्न आठवतो. तिथे रस आहे हे गृहीतच असते, तो किती ग्रहण झाला एवढेच पाहायचे असते. ‘समीक्षा’ मला आठवडाभराच्या विचारावर लिहिलेल्या मजकुरासाठी जड वाटते, कारण तिच्यात सिद्धान्त, परंपरा आणि लेखकाची आधीची पुस्तके यांचा हिशेब अपेक्षित असतो. राहता राहिले ‘परीक्षण’. या शब्दाला माती परीक्षण आणि लेखापरीक्षण यांचा सरकारी वास आहे खरा, पण त्यात निकाल आधी ठरलेला नसतो, म्हणून तो मला प्रामाणिक वाटतो. गंमत अशी की परीक्षण लिहिणाऱ्याला आपण परीक्षक म्हणत नाही. परीक्षक एकांकिका स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून गुण देतो. पुस्तकाचे परीक्षण लिहिणारा मात्र ‘समीक्षक’ होतो. काम एका शब्दाचे, माणूस दुसऱ्या शब्दाचा.

आता शंका. परीक्षण पुस्तकाचे असते, परिचय पुस्तकाचा असतो, टीका मात्र पुस्तकावर होते. ‘टीका’ या शब्दाला जो कडवटपणा आला आहे, तो या ‘वर’मुळे आला असेल का? वरून काही तरी खाली पडते, असा भाव त्यात आहे काय?

*

आपली शंका वाचायला आकर्षक आहे, पण ती टिकणार नाही. मी बरीच वर्षे संस्कृत शिकवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भाष्य गीतेवर असते आणि टीकाही गीतेवरच असते. त्या ‘वर’मध्ये प्रहार नाही, आधार आहे, मूळ ग्रंथ खाली आहे म्हणून टीका वर उभी राहते. आपण कदाचित म्हणाल, की टीका ‘लिहिली’ तर ती विवरण होते आणि ‘केली’ तर निंदा होते, क्रियापदाने फरक पडतो. आजच्या बोलण्यात तसा फरक आहे, हे मान्य. पण ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी पाहावी: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ इथे टीका ‘केली’च आहे. आणि याच ओवीत ‘लेखकु’ म्हणजे रचणारा नव्हे, तर सांगितलेले उतरवून घेणारा. ज्याने ग्रंथ घडवला तो टीकाकार आणि ज्याने तो लिहून घेतला तो लेखक! आज फोन करून दुखावल्याचे सांगणाऱ्या लेखकांना ही ओवी अवश्य ऐकवावी.

शब्द बिघडायला फार काळ झालेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये पुण्यातून ‘निबंधमाला’ सुरू केली, तिच्यात ‘ग्रंथांवर टीका’ नावाचा निबंध आहे आणि तिथे टीका म्हणजे ग्रंथाचे गुणदोष पाहणे. भालचंद्र नेमाडे यांच्या ज्या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नावही ‘टीकास्वयंवर’ आहे. म्हणजे विद्येच्या क्षेत्रात हा शब्द अजून शाबूत आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रोज कोणी ना कोणी कोणावर तरी टीका करत असते, आणि तोच अर्थ घराघरांत पोचला. दोष ‘वर’चा नाही, क्रियापदाचाही नाही, संगतीचा आहे.

‘परीक्षण’ आणि ‘समीक्षा’ यांत आपण जेवढे अंतर मानता, तेवढे मुळात नाही. दोन्हींत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा एकच धातू आहे; ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी, ‘सम्’ म्हणजे नीट. त्याच धातूपासून ‘अपेक्षा’ झाली, ‘प्रतीक्षा’ झाली आणि ‘उपेक्षा’ही झाली. नव्या लेखकाचा प्रवास पाहिला तर तो बहुधा या तीन शब्दांतून, ह्याच क्रमाने होतो. पण सर्वांत मजेदार शब्द त्या चिठ्ठीवर आहे. संस्कृतात ‘अभिप्राय’ म्हणजे मुख्यतः हेतू किंवा आशय, मत हा अर्थ त्यानंतरचा. ‘अभिप्रेत’ हा त्याचाच सख्खा भाऊ. ‘साभिप्राय हसणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो जुना अर्थ डोके वर काढतो. त्या लेखकांनी ‘अभिप्रायार्थ’ लिहिले तेव्हा त्यांना काय अभिप्रेत होते, हे आपण विचारायला हवे होते.

*

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. साहित्याचा माझा अधिकार नाही, पण खरेदीच्या संकेतस्थळांवर पुस्तकाखाली ‘पुनरावलोकन लिहा’ असे वाचतो तेव्हा राहवत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २५७ खाली वरिष्ठ अधिकारी खालच्या अधिकाऱ्याची कागदपत्रे मागवून तपासतो, त्याला आम्ही पुनरीक्षण म्हणत आलो. आणि ज्याने आदेश दिला त्याने किंवा त्याच्या जागी आलेल्याने तो आदेश पुन्हा पाहायचा, ते कलम २५८ चे पुनर्विलोकन. ‘पुनः’ आहे म्हणजे आधी एकदा पाहून झालेले असले पाहिजे. कालच विकत घेतलेल्या कादंबरीचे पुनरावलोकन कसे होईल? वीस वर्षांपूर्वी वाचलेली कादंबरी पुन्हा वाचून आपलेच जुने मत तपासले, तर त्या लेखाला हे नाव शोभेल.

*

पुण्यातल्या एका नियतकालिकाच्या संपादकीय कामात मी बारा वर्षे होतो, त्या अनुभवावर लिहितो. ते नियतकालिक आता बंद आहे.

आपल्या यादीत एक शब्द राहिला आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तो हरवल्यामुळे झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘साभार पोच’. आमच्याकडे महिन्याला चाळीस-पन्नास पुस्तके येत. टेबलावर त्यांच्या दोन थप्प्या लागत. लहान थप्पीतली पुस्तके परीक्षणासाठी बाहेर पाठवली जात. मोठ्या थप्पीतल्या पुस्तकांची शेवटच्या पानावर बारीक टाइपात नोंद होई: नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. वर मथळा ‘साभार पोच’. पोच म्हणजे वस्तू मिळाल्याची पावती. तिच्यात मत नाही, कौतुक नाही, कोणाची फसवणूकही नाही. लेखकाला कळे की पुस्तक पोचले, वाचकाला कळे की असे पुस्तक निघाले आहे. (हस्तलिखितांच्या वाट्याला ‘साभार परत’ येई. आभार तिथेही होतेच.)

ते पान गेले, पण पोच देण्याची गरज गेली नाही. आज भेट आलेल्या पुस्तकावर आठशे शब्दांचा जो ‘परिचय’ लिहिला जातो, त्यात मलपृष्ठावरचा मजकूर थोडा हलवलेला असतो, मुखपृष्ठकाराचे अभिनंदन असते आणि शेवटी पुस्तक ‘वाचनीय आणि संग्राह्य’ असल्याचे कळवलेले असते. वाचनीय म्हणजे वाचण्यास योग्य, आणि निदान तेवढे तरी छापलेल्या पुस्तकाकडून अपेक्षित असते. अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला या दोन विशेषणांचा काडीचा उपयोग नाही. ही पोचच आहे, फक्त लांबलेली. तिला पोच म्हटले असते तर माझी तक्रार नव्हती.

आपल्याविषयीही एक गोष्ट सांगतो, राग मानू नये. आपण लेखकांच्या तक्रारीतला ‘टीका’ हा शब्द धरून बसलात. पण ती बाई शेवटी पत्र लिहिते आणि सगळे सांगून टाकते, हे आपण परीक्षणात लिहिलेत, आणि वरच्या विचारणेत पुन्हा लिहिलेत. मी ती कादंबरी अजून वाचलेली नाही. कोणती ते ओळखायला टँकर पुरेसा आहे, आणि आता ते अडीचशे पानांचे मौन मला मौन म्हणून वाचता येणार नाही. नव्या पिढीत ‘स्पॉइलर’ हा शब्द रुळला आहे, पण आपल्याकडे त्यासाठी ‘रसभंग’ हा नेमका शब्द कितीतरी आधीपासून आहे. ख्याल रंगात आलेला असताना मागच्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजतो, तो रसभंग. आपण केलीत ती टीका नव्हे, हे खरे. पण लेखक दुखावले ते निराधार नव्हते.

*

तिन्ही उत्तरांसाठी आभार. ‘वर’ची माझी कल्पना मी मागे घेते, ज्ञानेश्वरीची ओवी लहानपणापासून पाठ आहे, पण ‘केली’ आणि ‘लेखकु’ यांकडे माझे लक्ष कधीच गेले नव्हते. ‘पुनरावलोकन’ मी राखून ठेवते. ‘कोसला’ १९६३ ची. तिच्यातले पुणे मी विसाव्या वर्षी वाचले ते निराळे होते, आता वाचेन ते निराळे असेल, आणि त्या लेखावर तो शब्द घालता येईल.

शेवटच्या उत्तराने मात्र मला दोन दिवस गप्प केले. परीक्षणाचा अर्थ सर्व बाजूंनी पाहणे असेल, तर ज्याने अजून वाचलेले नाही त्याची बाजूही त्यात येते, आणि तीच माझ्याकडून सुटली होती. ‘परीक्षण’ या शब्दावर मी विश्वासाने सही केली आणि आत रसभंग करून बसले.

काल तो परिच्छेद पुन्हा लिहिला. पत्राचा उल्लेख काढला. आता तिथे एवढेच आहे, की जे न बोलता अडीचशे पाने चालले होते, त्यावर शेवटच्या चाळीस पानांत लेखकांचा विश्वास उरलेला दिसत नाही. हे वाक्य आधीच्या परिच्छेदापेक्षा सौम्य नाही. उलट अधिक बोचणारे झाले आहे, असे माझ्या घरी एकाचे मत पडले. लेखकांना फोन करून बदल वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले, थोडे थांबून ‘हे चालेल’ म्हणाले आणि प्रकाशकांनी परिच्छेद गाळल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असेही त्यांनी सांगितले. मथळ्याखाली ‘परीक्षण’ हाच शब्द ठेवला आहे.