डालडाच्या डब्यातला पार्ट – तुमच्या घरी काय निघालं?

पऱ्हाटी : पोळ्याच्या आधी माळा साफ करायला घेतला. सरकीच्या रिकाम्या पोत्यांमागे डालडाचा जुना डबा निघाला. वर गंजलेले खिळे, एक कुलूप, आणि तळाशी आबांच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला हा पार्ट. वीतभर लांब, बोटापेक्षा जरा जाड. एका टोकाला बिजागरीसारखी खीळ, एका अंगाला पिवळं पडलेलं नारिंगी प्लास्टिक, वायरला सुती वेष्टण. रॉकेलनं पुसल्यावर 'लुकास' अशी इंग्रजी अक्षरं दिसली. आबांची मॉरिस मायनर होती, माझ्या जन्माआधीच विकली. गावातला मिस्त्री म्हणतो वायपरचा पार्ट, दुसरा म्हणतो दाराची मूठ. मला पटत नाही, आत बल्ब आहे. वायपरात बल्ब कशाला? बाकी सगळं भंगारात दिलं, हे देववलं नाही. आबांनी इतकं जपून का ठेवलं असेल? कोणाला ओळखू येतं का, आणि तुमच्या घरी असं काही निघालं असेल तर तेही लिहा.

सावजी_रस्सा : फोटो टाक ना भाऊ. आमच्याकडं जीपचं हँडल होतं, गाडी चालू करायला समोरून घालून फिरवायचं ते. जीप गेली, हँडल राह्यलं, मग बाबा त्यानं खुंटे ठोकायचे. लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती त्यांनी, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वरून आवळायचा नाही. इंजिननं उलटा झटका मारला की अंगठा जातो. बाबांचं मनगट तसंच गेलं होतं. थंडीत दुखायचं शेवटपर्यंत.

वापसा : दारव्ह्याकडं पाऊस कसा आहे? आमच्याकडं आठ दिवस वापसाच नाही, रान चिखलच, डवरणी राहिली.

पऱ्हाटी : रोज झोडपतोय. म्हणूनच तर माळ्यावर चढलो.

काकूचा_पानडबा : आमच्या काकांची अँबेसेडर होती. काका गेल्यावर काकूनं पानाचा डबा उघडला, तर सुपारीखाली एक तपकिरी टोपी, वर पितळेची पट्टी. सगळ्यांना वाटलं कसला तरी शिक्का आहे. सहा महिने देवघरात होता! मग एक जुना ड्रायव्हर भेटायला आला, त्यानं हातात घेतला आणि त्याचे डोळेच भरून आले. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर. परगावी मुक्काम असला की काका रात्री तो काढून पानडब्यात ठेवायचे. त्याच्याशिवाय प्लगला करंटच जात नाही, गाडी कोण नेणार? काकू म्हणाली, मला चाळीस वर्षांत सांगितलं नाही. अजून देवघरातच आहे तो.

तान्हा_पोळा : वर्ध्याची मी. आमच्या लाकडी बैलाला जीपच्या बेअरिंगची चाकं होती, आजोबांनी बसवलेली. रस्त्यावर असा खणखणाट व्हायचा की तान्ह्या पोळ्याला घरोघरी बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे-खाऊ, मागायला गेलो की लोक आधीच दारात उभे. आता माझी लेक नेते तोच बैल.

सावजी_रस्सा : बोजारा! किती दिवसांनी ऐकला हा शब्द.

मिस्त्रीचा_पोरगा : पऱ्हाटी भाऊ, हा ट्रॅफिकेटर. म्हणजे गाडीचा हात. लुकचुक करणारे इंडिकेटर यायच्या आधी दोन्ही दारांमागच्या खांबात हा बसवलेला असायचा. बटण फिरवलं की आतल्या कॉइलला करंट, कॉइल लोखंडी दांडी ओढते, हात आडवा बाहेर येतो आणि दिवा लागतो. वळण संपलं की बटण परत फिरवायचं, हात खाली पडून खांबात बसतो. मॉरिस मायनर १९४८ ची, तिला १९६१ पर्यंत हेच होते. बापाकडं अशा गाड्या यायच्या. हात अडकला की आत बसलेला माणूस खांबावर बुक्की मारायचा, की येतोच बाहेर.
बोटानं ओढू नका, आतली खिटी मोडते. वाऱ्यानं हात उघडू नये म्हणून ती असते. खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, कॉइलवर अजिबात नाही. मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. दोन-चार सेकंदच, कॉइल तापते.

पऱ्हाटी : दादा, अंगावर काटा आला वाचून. संध्याकाळी बघतो.

काचवाटी : जीपच्या इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपाला काचेची वाटी असायची, पेट्रोलातलं पाणी न् कचरा खाली बसायला. आमच्या आजीनं त्यात कुंकू ठेवलं. लग्न होऊन येताना मी मागून आणली ती.

वापसा : गाडीला हात असतो हे पहिल्यांदाच ऐकलं बाप्पा.

पऱ्हाटी : लावला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. पहिल्यांदा काहीच नाही. तार घासली, तेलाचा थेंब दिला, परत लावलं आणि टक्कन उठला हात! बल्ब गेलेला आहे, पण हात उठला. आई चुलीपाशी होती, आवाज ऐकून तशीच बाहेर आली, पिठाच्या हातानं. म्हणाली, लग्नाच्या वरातीत ही गाडी होती. वेशीपाशी वळताना खिडकीशेजारी हे असं टक्कन बाहेर आलं न् मी दचकले, तर मामंजी पुढून म्हणाले, घाबरू नको पोरी, गाडी आपल्या घराकडं हात दाखवते. मला हे आईनं कधीच सांगितलं नव्हतं. तिनं मग स्वतः चार वेळा लावून पाह्यला. पाचव्यांदा मीच थांबवलं, तापेल म्हणून.

काकूचा_पानडबा : आईंना माझा नमस्कार सांगा.

मिस्त्रीचा_पोरगा : बल्ब काढून बघा, दोन्ही टोकांना टोप्यांचा लांबट असेल. ३ वॅटचा लागतो. बापाच्या खोक्यात शोधतो, असला तर यवतमाळला येणाऱ्याजवळ देतो.

तान्हा_पोळा : बल्ब लागला की व्हिडिओ टाका, आईसकट.