'एल' किंवा 'ला' दिसलं की नाम? नेहमी नाही

स्पॅनिशमध्ये एखादा शब्द नाम आहे की क्रियापद हे ओळखायला 'आधी एल-ला शोधा' अशी युक्ती सुचवली जाते ('एल' आणि 'ला' हे इंग्रजी 'the'सारखे नामाआधी येणारे शब्द). 'त्राबाखो' म्हणजे 'काम' की 'मी काम करतो', हा गोंधळ आपल्या 'खेळ'सारखाच. त्याच्या आधी 'एल' किंवा 'मी' (स्पॅनिशमध्ये 'माझं') असेल तर नाम. 'नो त्राबाखो ओय' म्हणजे मात्र 'मी आज काम करत नाही'. आघात शेवटच्या 'खो'वर गेला की 'त्यानं काम केलं'. लिहिताना त्या ओवर तिरकी खूण हवीच.

पण 'आधी एल-ला शोधा' ही युक्ती 'ला'पाशी फसते, कारण 'ला' हे 'तिला' या अर्थाचं सर्वनामही आहे. 'ला कोसीना एस ग्रांदे': स्वयंपाकघर मोठं आहे. 'मारिया ला कोसीना': मारिया ती (स्त्रीलिंगी वस्तू, समजा सूप) शिजवते. म्हणून आधी वाक्यात दुसरं क्रियापद आहे का बघा. नसेल, तर बहुधा 'कोसीना'च क्रियापद.