मेजर (पदवीचा मुख्य विषय) न ठरवता एफवायला प्रवेश घेतला तर कुठले रस्ते बंद होतात? (राजापूर तालुका, बारावी सायन्स)

नमस्कार मंडळी,

यंदा बारावी सायन्स झाले. पीसीएमबी, म्हणजे गणितही आणि बायोलॉजीही, कारण अकरावीतही काही ठरलं नव्हतं. (बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला, ‘पुढे काय’ विचारलं की मात्र सगळे गप्प.) इंजिनिअरिंग नको हे नक्की. घरच्यांनी ते आता पचवलंय.

गणित आवडतं. आणि आवडतात सड्यावरची कातळशिल्पं. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी फिरून झालंय. जांभ्यात एवढी मोठी चित्रं कुणी, कधी, कशाने कोरली, हे वाचत बसते. आता याला भूगर्भशास्त्र म्हणायचं की इतिहास? एक सायन्सला, दुसरा आर्ट्सला. फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात अडकलेय.

जवळच्या कॉलेजात सांगितलं, नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षी तीन विषय घ्या, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) दुसऱ्या वर्षी ठरवा. ऐकायला छान आहे. पण तिथे टीवायपर्यंत चालणारे विषयच मोजके. मग ‘नंतर ठरव’ म्हणजे कशातून ठरवू? रत्नागिरीला निवड जास्त, पण रोज एसटीने जमणारं अंतर नाही, म्हणजे रूम आणि मेस आलीच.

बाबा म्हणतात, “आधी काय ता ठरय, मगे फॉर्म भर.” मामेभाऊ अमेरिकेत शिकतो. तिकडे पहिली दोनेक वर्षं मेजर जाहीर न करता काढता येतात, म्हणून तो म्हणतो घाई करू नको. त्याचं त्याला ठीक.

कुठला विषय चांगला, हे विचारत नाहीये. कुठला गट घेतला तर वर्षभराने कमीत कमी रस्ते बंद झालेले असतील? की सरळ गॅप घेऊ?

प्रतिसाद १
बरीच वर्षं ॲडमिशनच्या टेबलावर बसतोय, म्हणून लिहितो.

सायन्समधून आर्ट्सला जाता येतं, बारावी आर्ट्सवाल्याला बीएस्सी सहसा मिळत नाही. तेव्हा बीएस्सीच घे आणि गणित सोडू नको. एमसीएला बारावीचं गणितही चालतं, पण एमएस्सी गणित करायचं तर ते पदवीला हवं. सोबत फिजिक्स, आणि जिथे मिळेल तिथे जिऑलॉजी. बायोलॉजीचा रस्ता यात बंद होतो, तो मनाने आधीच सोडलेला दिसतोय.

इतिहासाची चिंता नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एमएला कुठल्याही शाखेचे पदवीधर अर्ज करतात. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा जोडविषय, मेजरच्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. तिथे इतिहास असेल तर चाखून बघ. एमपीएससी, एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी, यांना पदवीचा विषय कोणताही चालतो.

नव्या धोरणात ‘एका वर्षाने सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं’ असं सांगतात, त्यावर मात्र विसंबू नको. त्या सर्टिफिकेटला ४० ते ४४ क्रेडिट (विषय पास केल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक) लागतात, वर ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप. क्रेडिट तुझ्या नावावरच्या खात्यात जमा राहतात हे खरं, पण दुसऱ्या कॉलेजात तो विषय आणि रिकामी जागा असायला हवी ना.

ऑफिसात धोरणाबद्दल विचारूच नको. गेल्या वर्षी टीवायला कुठल्या विषयांचे वर्ग खरोखर भरले आणि प्रत्येकात किती मुलं होती, ते विचार. मुलं नसली की विषय प्रॉस्पेक्टसपुरता उरतो.

प्रतिसाद २
गॅप घेऊ नको बाय. घरात रिकामी दिसलीस की आंब्याच्या पेट्या भरायला बसवतील.

धागाकर्ती
सर, खूप आभार. विचारून आले. गणिताचा टीवायचा वर्ग भरतो, फिजिक्सला मोजकीच मुलं, जिऑलॉजी नाहीच. बाबा रत्नागिरीला चौकशीला यायला तयार झालेत, “बघूक काय जाता” म्हणाले. तिथे मुलींसाठी रूम आणि मेसचा महिन्याचा खर्च साधारण किती येतो, कुणी सांगेल का?