जाहीर झालेली मदत तुमच्या दारापर्यंत कशी आली? कोरोनाकाळातले अनुभव

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. पुढची दोन वर्षं आदेश, सुधारित आदेश आणि सुधारित आदेशाचं शुद्धिपत्रक यांची होती. पॅकेज किती कोटींचं, हे पुष्कळांना पाठ आहे. मला त्याच्या पुढचं हवंय. तुमच्या घरी नेमकं काय आलं, कोणत्या कागदावर आलं, कोणी सांगितलं म्हणून कळलं, कुठे अडलं? सरकार कोणाचं होतं यावर भांडायला इतर जागा आहेत. दुकानदार, दवाखाने यांची नावं नकोत. सुरुवात मीच करते.

पिंपरी, गृहिणी

आमचं रेशन कार्ड केशरी. वर्षानुवर्षं त्यावर धान्य नाही. पत्त्याचा पुरावा लागला की तेवढ्यापुरतं कपाटातून बाहेर यायचं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राचा माणशी ५ किलो मोफत तांदूळ आला, तो अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना. चाळीत भिंतीच्या पलीकडे तांदूळ, अलीकडे काही नाही, आणि काम दोघांचंही बंद. मग राज्याने केशरीवाल्यांना मे-जूनसाठी माणशी ३ किलो गहू ८ रुपये किलोने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने द्यायचं ठरवलं. दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलं होतं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही विचारायलाही गेलो नसतो. गहू आला तर गिरणीवाला गावी गेलेला! मिक्सरवर भरडा काढून खिचडी केली. ती कोणालाच आवडली नाही.

दापोली तालुका, प्राथमिक शिक्षक

मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी यायला लागले आणि आमची शाळा विलगीकरण केंद्र झाली. ग्राम कृती दलात सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि मी. नियमावली व्हॉट्सॲपवर यायची, बहुतेक रात्री. सकाळी वाडीवाडीत समजावून सांगेपर्यंत पुढची आलेली असायची. माझाच चुलतभाऊ चौथीच्या वर्गात झोपलेला आणि मी दाराबाहेरून त्याची सही घेतोय, असे ते दिवस. घरचे डबे पायरीवर ठेवून जायचे. शाळेला संडास दोन, त्यातला एक बिनपाण्याचा. आदेशात 'मूलभूत सुविधा उपलब्ध करून द्याव्यात' एवढंच असायचं. द्याव्यात कोणी, ते नसायचं.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, विलगीकरणातली माणसं भिजत व्हरांड्यात. अशा वेळी त्यांना हलवायचं कुठे, हे आमच्याकडच्या कुठल्याच कागदात नव्हतं. आशाताईंनी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं: ज्यांच्याकडे वेगळी पडवी आणि वेगळा संडास आहे त्यांनी घरी जायचं, बाकीच्यांनी देवळाच्या सभामंडपात. वीज गेली ती कित्येक आठवडे. नेटवर्क गेलं, पीडीएफ थांबल्या. खोटं कशाला बोलू, त्या काळात काम जास्त सुरळीत झालं.

गणपतीला विलगीकरण १४ दिवसांचं १० वर आलं, एसटीने येणाऱ्यांना ई-पास नको. पण १२ ऑगस्टपर्यंत गावात पोहोचायला हवं, नंतर येणाऱ्याला चाचणी. त्या कमी झालेल्या चार दिवसांवरून गावात जेवढी भांडणं झाली तेवढी बांधावरूनही होत नाहीत. आणि या सगळ्यात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना कोविडचा जादा भत्ता किती, तर महिना १००० रुपये.

बीड जिल्हा, ऊसतोड कामगाराचा मुलगा

वडिलांच्या वतीने लिहितोय. ते तेव्हा आईसोबत पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर होते. पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम संपायच्या सुमारास जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. कोप्यांतच, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांतच राहा म्हणाले. किराणा मिळाला, पुरला नाही, पण वडील आजही बोलतात ते बैलांबद्दल. तोड संपली की वाढं, म्हणजे बैलांना घालायचे उसाचे शेंडे संपतात. चारा विकत घ्यायचा तर मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे आणखी उचल (आगाऊ पैसे) मागायची, आणि मुकादम फोन उचलेना.

१७ एप्रिलला निर्णय झाला: तपासणी करायची, यादी द्यायची आणि कारखान्याने मजुरांना गावी पोचवायचं. तपासणीचे कागद खिशात घेऊन सगळे निघाले. गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. कागद बघायला कोणी जवळच येईना. सरपंचाने लांबूनच सांगितलं, शेतात राहा. आजी बांधावर भाकरी ठेवून मागे सरकायची, मग आई उचलायची.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये राज्याचं ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात बांधकाम कामगार, घरकामगार, रिक्षावाले, फेरीवाले होते. वडिलांनी मला यादी दोनदा वाचायला लावली.

ठाणे, रिक्षाचालक

त्या पॅकेजमधले रिक्षाचे १५०० रुपये परवानाधारकाला होते. मी शिफ्टवर चालवायचो, परवाना मालकाचा. धंदा बुडाला तो माझा, ऑनलाइन अर्ज भरला त्याने, आधारला जोडलेलं खातंही त्याचं. त्याने स्वतःहून मला ७०० दिले. कमी वाटतील, पण गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर होता आणि फायनान्सवाले त्यालाच फोन करत होते. त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही.

नागपूर, घरकामगार संघटनेची कार्यकर्ती

आमच्याकडे निम्म्या बायकांची नोंदणी झालेली होती, पण दरवर्षीचं नूतनीकरण राहिलेलं. त्याच पॅकेजमधले १५०० रुपये चालू नोंदणीवालीलाच. नूतनीकरणाला मालकिणीचं पत्र हवं, आणि मालकीण म्हणते आत्ता सोसायटीत येऊ नकोस.

परभणी, शिवभोजन केंद्रावर काम केलेला

दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. जानेवारी २०२० मध्ये १० रुपये, टाळेबंदीत ५, एप्रिल २०२१ पासून काही महिने फुकट. इथे कागद लागत नव्हता, फक्त ॲपवर फोटो. फुकट झाल्यावर चांगल्या कपड्यातली माणसं येऊ लागली. ती फोटोच्या वेळी मान फिरवायची आणि ॲप फोटो घ्यायचं नाही. मग आम्ही म्हणायचो, काका, जरा इकडे बघा.

नाशिक, खासगी नोकरी

सासऱ्यांना खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. मे २०२० च्या अधिसूचनेत ८० टक्के खाटांना सरकारी दर होते: साधा वॉर्ड ४००० रुपये रोज, अतिदक्षता ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. मला यातलं काही माहीत नव्हतं. शेजारी एक निवृत्त लेखापरीक्षक राहतात, त्यांनी अधिसूचना छापून हातात दिली आणि सांगितलं, 'आवाज चढवायचा नाही, फक्त ही समोर ठेवायची.' खाटेचं भाडं त्या दरावर आलं. मात्र पीपीई किट आणि महागडी औषधं त्या दरात धरलेली नव्हती, तिथे बिल फुगलं ते फुगलंच. मागाहून पालिकेच्या लेखापरीक्षकांनीही बिल बघितलं. किटची संख्या कमी झाली, कारण एकाच पाळीतल्या एकाच नर्सचं किट प्रत्येक रुग्णाच्या बिलात वेगळं लावलं होतं.

सोलापूर जिल्हा, शिवणकाम

दीड वर्षाने आलेल्या मदतीबद्दल लिहिते. सासरे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीवर शिक्कामोर्तब केलं, नोव्हेंबरअखेर राज्याचा शासननिर्णय आला. मृत्यू दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नव्हता, म्हणून मी अर्ज करणारच नव्हते. सेतू केंद्रातल्या मुलाने सांगितलं की दाखल्यावर नसलं तरी चालतं, चाचणीपासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झालेला हवा. चाचणीचा कागद शोधायला सगळं घर उपसलं. तो सापडला पेशंटच्या चपलांच्या पिशवीत, दवाखान्याने सामान परत दिलं होतं त्यात.

पहिला अर्ज नामंजूर झाला, नावाच्या स्पेलिंगवरून. दुसऱ्या वेळी तक्रार निवारण समितीपुढे आधार, अहवाल आणि डिस्चार्जचा कागद असं सगळं एकत्र लावलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत वाचून मान्य केलं. इतर वारसांचं ना-हरकत मात्र आम्हालाच गोळा करावं लागलं. नणंदेने लगेच दिलं, दिराने वेळ घेतला. पैसे सासूबाईंच्या खात्यात आले. ते खातं दिरासोबत जोडखातं आहे, त्यामुळे पुढचं इथे लिहीत नाही.