एली टेरीचं उभं घड्याळ रोज दुपारी तीनला थांबतं

टिकटिक: अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या एली टेरी या घड्याळजीचं 1810 च्या आसपासचं उभं घड्याळ आहे. यंत्र लाकडी, 30 तासांचं, म्हणजे एकदा चावी दिली की तेवढा वेळ चालणारं. रात्री 9 ला दोर ओढून वजनं वर घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारी 3 च्या सुमारास थांबतं. लंबक हलवला की चालतं, एखाद-दोनदा पुन्हा अडतं, मग रात्रीपर्यंत बिनतक्रार. तेल द्यावं का? शिवाय तबकडीवरची चावीची दोन्ही भोकं नुसती रंगवलेली आहेत. तबकडी बदललेली असेल का?

दोरवजन: दोष बहुधा यंत्रात नाही, पेटीत आहे. थांबल्यावर दार उघडून वजन कुठे आलंय ते बघा. सेकंदाचा लंबक साधारण 99 सेंमी. वजनाचा दोर उतरत उतरत तेवढाच लांब झाला की वजन लंबकाच्या तालात डुलायला लागतं. पेटी किंचित हलत असली तरी लंबकाचा जोर वजन खाऊन टाकतं. आणखी खाली गेलं की ताल सुटतो, म्हणून नंतर चालतं. पायाखाली पाचरी मारा, यंत्राच्या उंचीवर पेटीची पाठ स्क्रूने भिंतीला आवळा. मध्ये फट असेल तर ठोकळा द्या. मग टिक आणि टॉक समान अंतराने पडतात का ते ऐका. लंगडत असेल तर लंबकाला ढकलणारी तार जराशी वाकवा.

चेरीलाकूड: तेल नकोच. पाट्या ओकच्या, चक्रं चेरीची, चक्रांच्या आसांची पोलादी टोकं थेट लाकडात फिरतात. तिथे तेल धूळ धरून लगदा करतं. तेल फक्त अँकरच्या (लंबकाबरोबर डुलत चक्राचा एकेक दाता सोडणाऱ्या आकड्याच्या) दोन टोकांना, सुईच्या अग्राएवढं. लाकडी भोकांत कोरडी ग्रॅफाइट पूड. यंत्र उघडलंच तर दाते तपासा. चक्र सपाट फळीतून कापलेलं असतं, त्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजूंना लाकडाच्या रेषा दात्याला आडव्या जातात. तुटतात ते तिथलेच. नवा तुकडा चेरीचाच, रेषा दात्याच्या लांबीत ठेवून, सरसाने चिकटवा. इपॉक्सी लावलात तर पुढच्या कारागिराच्या शिव्या खाल.

जुनीतबकडी: रंगवलेली भोकं मूळचीच असू शकतात. आठ दिवसांच्या पितळी घड्याळाचा थाट आणायला ती सर्रास रंगवत. पेटीबद्दल मात्र सावध राहा. लेव्ही आणि एडवर्ड पोर्टर यांच्याशी झालेल्या करारात टेरीने 3 वर्षांत 4000 यंत्रं द्यायची होती, नग 4 डॉलरला, पेटीविना. पेटी गिऱ्हाईक गावच्या सुताराकडून करून घेई. यंत्र ज्या फळीवर बसतं तिच्यात जास्तीची भोकं दिसली, तर ही जोडी नंतर जमवलेली असण्याची शक्यता दाट.