आई 78 वर्षांची, एकटी राहते. वृद्धाश्रम आणि चोवीस तासांची बाई यांच्या मधलं काही असतं का?

पूर्वेकडची_लेक
नमस्कार मंडळी. आई डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मी बेंगळुरूला, भाऊ कॅनडात. बाबा टपाल खात्यात होते, त्यांची फॅमिली पेन्शन येते, त्यात भागतं. डोकं एकदम शाबूत, पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवते, पण गुडघे गेलेत आणि मध्यंतरी बाथरूममध्ये घसरली, नशीब मोडलं काही नाही. तेव्हापासून भावाचं एकच पालुपद, वृद्धाश्रम बघ नाहीतर तुझ्याकडे घेऊन जा. आई दोन्हीला नाही म्हणते, तुझ्या गॅलरीत बसून गाड्या मोजू का म्हणते. एका ब्युरोवाल्याने चोवीस तासांची बाई लावा सांगितलं, महिन्याला पंचवीस हजारांच्या वर, आणि आईला घरात अख्खा दिवस परकं माणूस नकोय. डबा, बँक, औषधं, कोणीतरी रोज डोकावून जाणं असं तुकड्यातुकड्याने कोणी लावलंय का, आणि ते टिकतं का?

ठाणेकर_भाचा
टिकतं. आमचा मामा कल्याणला एकटाच राहतो, वय 83, आणि सगळं तुकड्यातुकड्यानेच चाललंय. पोळीवाल्या मावशी सकाळी नऊला येतात, त्यांच्याकडे किल्ली असते, बेल वाजवून दार उघडलं नाही की आत जाऊन बघतात आणि मला फोन करतात, म्हणजे रोजची हजेरी आपोआप लागते, त्यासाठी वेगळं कोणी ठेवलेलं नाही. औषधं कोपऱ्यावरचा मेडिकलवाला महिन्याची एकदम पाठवतो.

बँकेचं म्हणाल तर 70 च्या वरच्यांना घरी येऊन साध्या सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलंय, रोख आणून देणं, चेक घेऊन जाणं वगैरे. चार्ज लागतो. काउंटरवर विचारलंत तर आमच्याकडे नाही असं बिनधास्त सांगतात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मग सुचतं त्यांना. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात रांगेत उभं राहायची तर काहीच गरज नाही. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन डिजिटल दाखला काढून देतो, 70 रुपये घेतो, नाहीतर मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. आईंना 80 पूर्ण झाली की एक ऑक्टोबरपासूनच देता येईल. बाबा टपाल खात्यातलेच होते म्हणताय, पोस्टमनला चहाही मिळेल वर :)

14567 हा नंबर आईच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, एल्डरलाईन म्हणतात, फुकट, सकाळी 8 ते रात्री 8. माहिती देतात, कायद्याचं, पेन्शनचं सांगतात, कोणी त्रास देत असेल तर त्यातही पडतात. पण रात्री दोनला पडल्या तर तो नंबर कामाचा नाही, तेव्हा 108 किंवा 112.

एक मात्र आहे, हे सगळं जुळवणारा एक माणूस चालत जाण्याच्या अंतरावर हवा. शेजारी, मावशी, शाळेतली मैत्रीण, कोणीही. बेंगळुरूहून फोनवर हे नाही होत, आज मावशी आल्या नाहीत हे तुम्हाला दुपारी कळून उपयोग काय.

फिजिओताई
मी घरोघर जाऊन व्यायाम घेते म्हणून आधी बाथरूमबद्दल बोलते. सगळ्यांच्या घरात कमोडशेजारी टॉवेलचा रॉड असतो आणि उठताना म्हातारी माणसं त्यालाच धरतात, तो दोन बारक्या स्क्रूंवर असतो, एक दिवस टाईलसकट हातात येतो. ग्रॅब बार वेगळा मिळतो, तो विटांच्या भिंतीत खोल ड्रिल करून बसवायचा, एक कमोडशेजारी, एक नळाजवळ. चिकटवायचे व्हॅक्यूमवाले मिळतात ते नकोच. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं लॅच लावा, पडल्यावर दार तोडायला कोण येणार आहे. दारातलं पायपुसणं उचला, ते सगळ्यात वाईट, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा राहू दे.

वॉकर, कमोडची खुर्ची वगैरे लगेच विकत घेऊ नका. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं बऱ्याच गावांत असतात, अनामत भरून वस्तू मिळते, परत केली की पैसे परत. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारा, बरेचदा तेच चालवतात.

आणि ब्युरोची बाई अगदीच नको असेल तर सकाळच्या आंघोळीच्या वेळेपुरती तास-दोन तासांची कोणी मिळते का बघा, घसरायची वेळ तीच. पोलीस व्हेरिफिकेशन, सुट्टीला बदली कोण येणार, आणि ती फक्त पेशंटचं करणार की भांडीही घासणार हे तोंडी नाही, लिहून ठरवा. निम्मी भांडणं भांड्यांवरूनच होतात.

नोकरदार_माणूस
70 वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढा ना, उत्पन्नाची अट नाही, 5 लाख मिळतात, त्यातून बाई ठेवा.

ठाणेकर_भाचा
@नोकरदार तसं नाही हो. ते 5 लाख हातात मिळत नाहीत, वर्षाला तेवढ्यापर्यंतचं कव्हर आहे आणि तेही यादीतल्या हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. घरच्या बाईचा पगार त्यात कुठून येणार. कार्ड काढून ठेवायला हरकत नाही, फक्त टपाल खातं म्हणजे सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असू शकतं, ते असेल तर दोन्हीतलं एक निवडावं लागतं, ते आधी बघा.

सत्तरीपार
अगं, तुझ्या आईच्याच वयाची मी, कोथरूडला एकटी राहते म्हणून लिहितेय. माझ्या मुलाने हॉलमध्ये कॅमेरा लावला, मला न विचारता. मी त्यावर नॅपकिन वाळत घातला. आम्ही काय लॉकरमधलं सोनं आहोत होय? आता ठरलंय, मी सकाळी सातच्या आत व्हॉट्सॲपवर दोन शब्द टाकते, नाही टाकले तर तो खालच्या वहिनींना फोन करतो. तेवढं पुरतं.

आमच्याकडे महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे, रोज संध्याकाळी जाते, पत्ते, भजन, राजकारण, सगळं होतं. एखादीला दोन दिवस बघितलं नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी दारात. पण मी तिथे जाऊ शकते कारण मी तळमजल्यावर आहे. तुझा खरा प्रश्न मला वाटतं तो तिसरा मजला आहे. डबा येईल, पोस्टमन येईल, सगळं दारात येईल, आणि आई दाराबाहेर पडायची बंद होईल. गुडघे अजून धरतायत तोवर त्याच गल्लीत तळमजला भाड्याने मिळतो का बघ, स्वतःची जागा भाड्याने दे, थोडेफार पैसे वर घाल. दूधवाला तोच, भाजीवाली तीच, देऊळ तेच, मग ते घरच ना. पण आधी तिला विचार, भावाला नंतर.

ठाणेकर_भाचा
काकू, कल्पना चांगली आहे पण डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगा धडाधड रीडेव्हलपमेंटला जातायत. आत्ता भाडेकरू ठेवला आणि सहा महिन्यांत सोसायटीने रिकामं करा म्हटलं तर त्याला बाहेर काढा हे नवीनच. आधी सेक्रेटरीला गाठा, काय चाललंय विचारा.

सत्तरीपार
बरोबर आहे. पण मग तर आत्ताच खाली उतरलेली बरी, नाहीतर बिल्डरच्या तारखेला उतरावं लागेल. जागा मोकळी ठेवायचा खर्च झेपत असेल तर भाडेकरू ठेवूच नका.

पूर्वेकडची_लेक
सगळ्यांचे आभार, खरंच. टॉवेलचा रॉड आमच्याकडे आहे आणि आई त्यालाच धरते, व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावलं आत्ता. ग्रॅब बार या शनिवारी बसवून घेते, शेजारचे देशपांडे काका उभे राहतो म्हणालेत. तळमजल्याचं आईला विचारलं, लगेच म्हणाली पुढच्या बिल्डिंगीत जोशीबाईंची खोली रिकामी आहे. म्हणजे बाईसाहेबांनी चौकशी आधीच करून ठेवलीय, मलाच सांगितलं नव्हतं. तिथे बाथरूममध्ये कमोड नाही, भारतीय पद्धतीचं आहे. फिजिओताई, त्यावर ठेवायची ती खुर्ची मिळते ती 62 किलोच्या माणसाला हलत नाही ना?

फिजिओताई
चारही पायांना रबर असलेली आणि लोखंडी घ्या, ॲल्युमिनियमची हलकीवाली नको. केंद्रातून आणलीत तर आधी रबरं बघा, झिजलेली असतात, हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळतात.